नॅस बदलल्यावर प्लेलिस्ट का मुक्या होतात आणि त्या परत कशा बोलत्या करायच्या

नवा नॅस आला. जुन्यातली गाणी रात्रभर कॉपी होत राहिली आणि सकाळी पाहिलं तर सगळी फोल्डरं जागच्या जागी. मग प्लेअर उघडून नेहमीची प्लेलिस्ट लावली, तर गाण्यांची नावं करडी पडलेली, नाहीतर प्रत्येकापुढे उद्गारचिन्ह. काही प्लेअर तक्रारही करत नाहीत, नुसते यादीवरून घसरत शेवटच्या गाण्यापर्यंत जातात आणि गप्प बसतात. नॅस म्हणजे राउटरला केबलने जोडलेला हार्डडिस्कचा डबा. तो ज्यांनी बदलला त्यांतल्या बहुतेकांना हा अनुभव येतो. त्यात गाणी गेलेली नसतात, आणि प्लेलिस्टही सहसा शाबूत असते. बिघडलेला असतो तो फक्त पत्ता.

प्लेलिस्टच्या फाईलमध्ये आवाज नसतो, गाण्यांच्या पत्त्यांची यादी असते. एका ओळीत एक पत्ता. डबा बदलला की त्याचं नेटवर्कवरचं नाव बदलतं, शेअर केलेल्या फोल्डरचं नाव बदलतं, कधी विंडोजमधलं ड्राइव्हचं अक्षर बदलतं. यादीत मात्र जुनेच पत्ते राहतात. हे एकदा लक्षात आलं की दुरुस्तीचं निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं काम घाई न करण्याचं आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पहिली पायरी: कशालाही हात लावू नका

खरं नुकसान नॅस बदलल्याने होत नाही, त्यानंतरच्या तासाभरात होतं. गाणी सापडेनात म्हणून माणूस प्लेअरमधलं ‘न सापडलेली गाणी काढून टाका’ हे बटण दाबतो, किंवा लायब्ररी पुन्हा स्कॅन करतो. प्लेअर आज्ञाधारक असतो. जुन्या पत्त्यावर काहीच नाही असं पाहून तो त्या नोंदी पुसतो, आणि वर्षानुवर्षं जमवलेली यादी रिकामी होते. पत्ता चुकीचा असेल तर तो सुधारता येतो, पुसलेला पत्ता कुठून आणणार?

तेव्हा प्लेअरमधलं आपोआप स्कॅन बंद करा. प्लेक्स हा गाणी-चित्रपट वाजवणारा सर्व्हर वापरत असाल तर लायब्ररीच्या सेटिंगमध्ये प्रत्येक स्कॅननंतर कचरा आपोआप रिकामा करण्याचा पर्याय असतो, त्याची खूण काढा. मग प्लेलिस्टच्या सगळ्या फाईली दुसऱ्या एका फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवा आणि पुढचे सगळे प्रयोग त्या कॉपीवर करा. जुना नॅस विकू नका, त्याच्या डिस्का फॉरमॅट करू नका, आणि त्या नव्या डब्यात घालून ‘इनिशियलाइज’ तर मुळीच करू नका. त्या बटणाने डिस्क कोरी होते.

याच वेळी गाणी खरोखर सगळी आली आहेत का तेही पाहून घ्या. जुन्या आणि नव्या फोल्डरवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाईलींची संख्या ताडून बघा. आकडा थोडा इकडेतिकडे असेल तर लगेच घाबरू नका. सायनॉलॉजीसारखे नॅस लघुचित्रांसाठी आपली लपलेली फोल्डरं प्रत्येक ठिकाणी करून ठेवतात, आणि कॉपी कुठल्या मार्गाने केली त्यावर ती बरोबर आली की नाही हे ठरतं. फरक गाण्यांच्या फाईलींत असेल तर मात्र आधी तो निस्तरा. नसलेल्या गाण्याचा पत्ता सुधारून उपयोग नाही.

दुसरी पायरी: एक ओळ वाचा

एम-थ्री-यू किंवा एम-थ्री-यू-एट प्रकारची प्लेलिस्ट साधी मजकुराची फाईल असते. डबल क्लिक केलं तर ती प्लेअरमध्ये उघडेल, म्हणून उजवी क्लिक करून नोटपॅड प्लस प्लस या मजकूर संपादनाच्या प्रोग्राममध्ये उघडा. विंडोजचं साधं नोटपॅडही चालेल, पण पुढे बरीच शोधाशोध करायची आहे आणि त्यासाठी प्लस प्लस बरं. मॅकवर टेक्स्टएडिट वापरत असाल तर फाईल ‘साधा मजकूर’ म्हणूनच राहील याची काळजी घ्या.

आत अशा ओळी दिसतील. इथे मी त्या देवनागरीत लिहितोय, तुमच्याकडे बराचसा भाग इंग्रजी अक्षरांत असेल:

\\जुना-नॅस\गाणी\नाट्यसंगीत\पहिला भाग\०३ नांदी.फ्लॅक

आता तेच गाणं नव्या डब्यावर स्वतः शोधा, फाईल एक्सप्लोररमध्ये शिफ्ट दाबून उजवी क्लिक करा आणि ‘कॉपी ॲज पाथ’ निवडा. तो पत्ता वरच्या ओळीखाली चिकटवा. दोन्हीकडचं अवतरणचिन्ह काढलं की समजा असं दिसेल:

\\नवा-नॅस\संगीत\नाट्यसंगीत\पहिला भाग\०३ नांदी.फ्लॅक

या दोन ओळी एकाखाली एक ठेवून शांतपणे वाचल्या की दुखणं कळतं. पत्त्याचे तीन तुकडे असतात: यंत्राचं नाव, शेअर केलेल्या फोल्डरचं नाव, आणि त्याच्या आतली वाट. वरच्या उदाहरणात पहिले दोन बदललेत, तिसरा तोच आहे. बहुतेकांच्या घरी असंच असतं आणि ते सोपं प्रकरण आहे. तिसऱ्या तुकड्यात फरक असेल, म्हणजे कॉपी करताना कुणीतरी ‘आता लागलोच आहोत तर’ म्हणून फोल्डरं आवरायला घेतली असतील, तर काम वाढतं. फडके हे आडनाव इंग्रजीत पी-एचने लिहायचं की एफने, यावर घरात एकमत नसेल तर बाबूजींच्या सगळ्या गाण्यांची वाट बदललेली असू शकते.

पत्त्याची सुरुवात नेहमी अशीच असेल असं नाही. विंडोजमध्ये नॅसला ड्राइव्हचं अक्षर दिलेलं असेल तर ओळ ‘झेड:’ने सुरू होते. मॅकवर ती ‘/व्हॉल्यूम्स/गाणी/’ अशी असते. मॅकची एक खोड इथेच सांगून ठेवतो: त्याच नावाचं काहीतरी आधीच जोडलेलं असेल तर तो नव्या जोडणीला ‘गाणी-१’ असं नाव देतो. पडद्यावर नाव सारखंच दिसतं, पत्ता वेगळा असतो. सगळं डिस्कनेक्ट करून, मॅक पुन्हा सुरू करून एकदाच जोडलं की ते शेपूट सहसा जातं.

ओळीत यंत्राच्या नावाऐवजी १९२.१६८.१.२० असा आकडा दिसला, तर प्लेलिस्ट आयपी पत्त्याला, म्हणजे यंत्राच्या नेटवर्कवरच्या आकडी पत्त्याला, बांधलेली आहे. नव्या डब्याला राउटरने वेगळा आकडा दिला असणार. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन जुना आकडा नव्या डब्यासाठी राखून ठेवला की काम होतं. शेअर केलेल्या फोल्डरचं नावही मात्र जुन्यासारखंच हवं.

तिसरी पायरी: नव्या डब्याला जुन्याचं नाव द्या

यादीतले पत्ते बदलण्याऐवजी नव्या नॅसलाच जुन्या पत्त्यावर राहायला लावता येतं. मला विचाराल तर दोनशे प्लेलिस्ट दुरुस्त करण्यापेक्षा एक नाव बदलणं केव्हाही शहाणपणाचं. नवीन डब्याला नवीन नाव देण्याची हौस सगळ्यांनाच असते, पण त्या हौसेची किंमत घरातल्या प्रत्येक लॅपटॉपवर, फोनवर आणि टीव्हीवर मोजावी लागते.

क्रम असा. आधी जुना नॅस बंद करा. एकाच नावाची दोन यंत्रं नेटवर्कवर असली की कुठलं उत्तर देईल याचा नेम नाही. मग नव्याच्या सेटिंगमध्ये, नेटवर्कच्या पानावर, ‘सर्व्हर नेम’ किंवा ‘होस्टनेम’ असा रकाना असतो, तिथे जुनं नाव जसंच्या तसं टाका. विंडोजच्या जुन्या पद्धतीत हे नाव १५ अक्षरांपर्यंतच चालतं, तेव्हा त्याहून लांब नावाच्या फंदात पडू नका. त्यानंतर शेअर केलेल्या फोल्डरचं नावही जुन्यासारखं करा. विंडोजमध्ये ड्राइव्हचं अक्षर वापरत असाल तर जुनी जोडणी तोडून तेच अक्षर नव्या फोल्डरला द्या आणि ‘साइन इन करताना पुन्हा जोडा’ यावर खूण ठेवा.

एवढं करूनही विंडोज आत सोडत नसेल तर क्रेडेन्शियल मॅनेजर उघडा. तिथे जुन्या नावाखाली जुना पासवर्ड साठवलेला असतो आणि विंडोज हट्टाने तोच पुढे करत राहतं. ती नोंद काढून नव्याने लॉगिन करा. पूर्वी पासवर्डाशिवाय, पाहुणा म्हणून आत जात असाल तर आता वेगळं खातं काढावं लागेल. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीत पाहुणा प्रवेश मुळातच बंद असतो.

अजून एक शक्यता अशी की लॅपटॉपवर सगळं वाजतं, पण दिवाणखान्यातल्या जुन्या म्युझिक प्लेअरला नवा डबा दिसतच नाही. त्याला प्लेलिस्टचा दोष नसतो. जुनी यंत्रं एसएमबी-१ ही जुनी नेटवर्कची भाषा बोलतात आणि नवे नॅस ती बंद ठेवतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून विंडोजनेही ती मुळात बसवणं सोडलं. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच वाटेने जगभर पसरला होता. तेव्हा एका प्लेअरसाठी ती भाषा परत सुरू करू नका, नॅसवरची डीएलएनए ही घरातल्या यंत्रांना गाणी पुरवणारी सेवा चालू करून त्या वाटेने गाणी ऐका.

चौथी पायरी: शोधा आणि बदला

जुनं नाव ठेवणं शक्य नसेल, म्हणजे जुना नॅस दुसऱ्या कामाला तसाच चालू राहणार असेल, तर यादीतले पत्ते बदलावे लागतील. नोटपॅड प्लस प्लसमध्ये ‘फाइंड इन फाइल्स’ नावाची सोय आहे. तिच्यात फोल्डर निवडायचं, शोधायच्या रकान्यात जुन्या पत्त्याचा बदललेला तुकडा टाकायचा, बदलायच्या रकान्यात नवा. वरच्या उदाहरणात ‘\\जुना-नॅस\गाणी\’ काढून ‘\\नवा-नॅस\संगीत\’ घालायचं.

शोधायचा तुकडा शेवटच्या तिरक्या रेघेसकट घ्या. नुसतं ‘गाणी’ शोधून ‘संगीत’ केलंत तर ‘बालगाणी’ नावाच्या फोल्डरचं ‘बालसंगीत’ होईल आणि ती गाणी आणखी लांब जातील. खिडकीतला ‘एक्स्टेंडेड’ किंवा ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ पर्याय बंद ठेवून ‘नॉर्मल’ निवडा, कारण त्या दोन्ही पर्यायांत उलट्या तिरक्या रेघेला वेगळाच अर्थ असतो. आधी एकाच फाईलवर करून पाहा, प्लेअरमध्ये लावा, वाजली की मग सगळ्यांवर.

प्लेलिस्ट सर्व्हरसाठी असेल, म्हणजे गाणी वाजवणारा प्रोग्राम नॅसच्याच पोटात चालत असेल, तर पत्ता नेटवर्कवरून दिसतो तसा नसतो, डब्याला आतून दिसतो तसा लागतो. सायनॉलॉजीवर तो ‘व्हॉल्यूम१’ने सुरू होतो, ट्रूनॅसवर ‘एमएनटी’ने आणि पुढे पूलचं, म्हणजे डिस्कांच्या गटाचं, नाव येतं, क्यूनॅपवर ‘शेअर’ने. एका कंपनीच्या डब्यावरून दुसऱ्याच्या डब्यावर गेलात की हा सुरुवातीचा भाग बदलणारच. तिरक्या रेघांची दिशाही इथे बदलते. आतून हे सगळे लिनक्स किंवा तत्सम प्रणालीवर चालतात आणि तिथे पुढे झुकलेली रेघ लागते. विंडोजमधली मागे झुकलेली रेघ लिनक्सला फाईलच्या नावातलं एक अक्षर वाटते.

लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचं प्रकरणही याच वळणावर भेटतं. लिनक्सला कॅपिटल ‘एम’ आणि स्मॉल ‘एम’ ही दोन वेगळी अक्षरं आहेत. नेटवर्कवरून विंडोज जेव्हा बघतं तेव्हा नॅस मध्ये पडून फरक सांभाळून घेतो. त्यामुळे एकच प्लेलिस्ट लॅपटॉपवर वाजते आणि सर्व्हरवर वाजत नाही, असा गोंधळात टाकणारा प्रकार होतो. असं झालं तर पहिला संशय कॅपिटल अक्षरांवर घ्या.

पाचवी पायरी: अर्धा पत्ता लिहा

दुरुस्ती करतोच आहोत तर पुढच्या वेळची सोय करून ठेवा. गाण्यांच्या मुख्य फोल्डरमध्येच ‘याद्या’ नावाचं एक फोल्डर करा आणि सगळ्या प्लेलिस्ट तिथे ठेवा. मग शोधा-बदला करताना यंत्राचं आणि शेअरचं नाव पार काढून टाका, आणि त्या जागी दोन टिंबं व एक रेघ ठेवा:

../नाट्यसंगीत/पहिला भाग/०३ नांदी.फ्लॅक

दोन टिंबांचा अर्थ ‘एक पायरी वर जा’. प्लेलिस्ट जिथे आहे तिथून एक फोल्डर वर जायचं आणि मग नाट्यसंगीतात शिरायचं. या पत्त्यात डब्याचं नाव नाही, ड्राइव्हचं अक्षर नाही, कंपनी नाही. गाण्यांचं फोल्डर उचलून कुठेही ठेवलं तरी यादी चालते. मागे झुकलेल्या रेघा त्याच झटक्यात पुढे झुकवून घ्या. विंडोजवरचे बहुतेक प्लेअर त्या निमूट स्वीकारतात, आणि लिनक्स व मॅकला त्याच हव्या असतात. एखादा प्लेअर प्लेलिस्ट सेव्ह करताना परत पूर्ण पत्ता लिहून ठेवतो. त्याच्या सेटिंगमध्ये ‘रिलेटिव्ह पाथ’ असा पर्याय शोधा.

सहावी पायरी: नाव तेच दिसतं, तरी वाजत नाही

इथवर येऊन बहुतेक गाणी वाजायला लागलेली असतील. उरतात ती देवनागरी नावांची. इंग्रजीतल्या मदतीच्या पानांवर याचं उत्तर सहसा मिळत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी फाईलची लिपी कशी साठवली आहे ते पाहा. जुन्या पद्धतीची एम-थ्री-यू फाईल विंडोजच्या स्थानिक सांकेतिक तक्त्यात लिहिली जायची आणि त्या तक्त्यात देवनागरीला जागाच नव्हती. एम-थ्री-यू-एट यूटीएफ-८ या सगळ्या लिप्या सामावणाऱ्या पद्धतीत असते, तिच्यात मराठी नीट राहतं. फाईल उघडल्यावर गाण्याच्या नावाऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ‘ए’ पुन्हापुन्हा दिसत असेल तर मजकूर ठीक आहे, वाचणारा चुकीच्या चष्म्यातून वाचतोय. नोटपॅड प्लस प्लसच्या ‘एन्कोडिंग’ यादीतून यूटीएफ-८ निवडा, नावं दिसू लागतील, आणि फाईल एम-थ्री-यू-एट म्हणून साठवा. त्याच यादीत ‘बीओएम’सह असाही एक प्रकार असतो, तो नको. ते तीन अदृश्य बाइट पहिल्या ओळीला चिकटतात आणि काही प्लेअर पहिलंच गाणं गाळतात.

नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं असतील तर ती अक्षरं फाईलमधून कायमची गेली. पण पुरतं हरायचं कारण नाही. जुना प्लेअर अजून जुन्या लॅपटॉपवर असेल आणि त्याच्या खिडकीत नावं मराठीत दिसत असतील, तर तिथूनच प्लेलिस्ट पुन्हा एम-थ्री-यू-एट म्हणून काढा. तेही नसेल तर ‘एक्स्टिन्फ’ असं लिहिलेल्या ओळीतला आकडा बघा, तो गाण्याची लांबी सेकंदांत सांगतो. फोल्डर ठाऊक असेल तर लांबीवरून गाणं ओळखता येतं. कंटाळवाणं काम आहे, दहा-वीस गाण्यांपुरतं करावं.

आता डोळ्यांना अजिबात न दिसणारा प्रकार. ‘दऱ्याखोऱ्यांतली गाणी’ असं फोल्डर आहे समजा. यातला ‘ऱ्या’ टाइप करायच्या दोन रीती आहेत. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलन्त लावतात: दऱ्या. काही साधा ‘र’ घेऊन, हलन्त देऊन, मध्ये एक अदृश्य जोडखूण घालतात: दर्‍या. पडद्यावर दोन्ही एकसारखे. संगणकासाठी ही दोन वेगळी नावं आहेत, आणि नॅसवर या दोन नावांची दोन फोल्डरं शेजारीशेजारी सुखाने नांदू शकतात. ‘ॲ’चंही तेच. तो एक स्वतंत्र अक्षर म्हणून येतो, किंवा ‘अ’वर अर्धचंद्र ठेवून. ‘ॲल्बम’ नावाचं फोल्डर कुणाच्या घरात नसेल?

तिसरा फरक मॅकमुळे पडतो. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही डिस्कची रचना ‘ऱ’ अक्षर फोडून ‘र’ आणि त्याखालचं टिंब, म्हणजे नुक्ता, असं साठवायची. मॅकवर बनवलेल्या प्लेलिस्टमध्ये फोडलेलं नाव, नॅसवरच्या फाईलला जोडलेलं नाव, की जुळणी फसली.

ओळखायची युक्ती सोपी आहे. फाईल एक्सप्लोररमधून फोल्डरचं नाव कॉपी करा, प्लेलिस्ट नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडा, आणि शोधायच्या रकान्यात ते चिकटवा. डोळ्यांसमोर तेच नाव असूनही ‘सापडलं नाही’ असा निकाल आला, की घोळ याच जातीचा आहे. हा शोध ब्राउझरमध्ये किंवा वर्डमध्ये करू नका, ते असे फरक परस्पर पोटात घालू शकतात.

उपाय: प्लेलिस्टमधला एक ‘र्‍’ निवडून कॉपी करा, शोधायच्या रकान्यात चिकटवा, बदलायच्या रकान्यात फाईलच्या नावातून उचललेला ‘ऱ्’ टाका, आणि सगळ्या याद्यांवर चालवा. हाताने टाइप करू नका. तुमचा कीबोर्ड दोन्हींपैकी कुठला देतो हे सांगता येत नाही, म्हणून उचलून चिकटवणं बरं. फाईलींचीच नावं मॅकमुळे फोडलेली असतील आणि लिनक्सची थोडी ओळख असेल तर ‘कनव्हएमव्ही’ नावाचं साधन ती पुन्हा जोडून देतं. ते आधी काय बदलेल ते नुसतं दाखवतं, खरं बदलायला वेगळी आज्ञा द्यावी लागते. ही सावधगिरी मला फार आवडते. पण त्याला फक्त नुक्त्याचा फरक कळतो. अदृश्य जोडखूण आणि अर्धचंद्राचं प्रकरण तुम्हालाच मिटवावं लागेल.

लांब नावांचाही एक सापळा आहे. लिनक्सच्या नेहमीच्या रचनेत फाईलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, म्हणजे मराठीत मर्यादा ८५ चिन्हांवर येते. काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. सायनॉलॉजीच्या एन्क्रिप्ट केलेल्या शेअर फोल्डरमध्ये ही मर्यादा १४३ बाइटवर उतरते, तिथे मराठी नाव ४७ चिन्हांत बसवावं लागतं. ‘राग, ताल, कलाकार, कार्यक्रम, गाव आणि साल’ असं सगळं फाईलच्या नावात कोंबणाऱ्या रसिकांची मैफल नेमकी इथे अडते. अशा फाईली कॉपीच होत नाहीत. ती माहिती गाण्याच्या टॅगमध्ये, म्हणजे फाईलच्या आतल्या माहितीच्या रकान्यांत, टाका आणि नाव आखूड करा.

आणि नव्या डब्यावर इंग्रजी अक्षरं, आकडे आणि लहरी रेघ यांची अर्थहीन, आखूड नावं दिसली तर मूळ नावात प्रश्नचिन्ह, विसर्गासारखं कोलन किंवा शेवटी टिंब आहे का बघा. विंडोजला ही चिन्हं नावात चालत नाहीत, म्हणून नॅस त्याला एक बनावट आखूड नाव दाखवतो. विंडोजमधून कॉपी केलं की ते बनावट नावच खरं होऊन बसतं. जुना नॅस अजून हाताशी असेल तर त्याच्याच वेबपानातल्या फाईल व्यवस्थापकातून मूळ नाव पाहा, तिथेच ते चिन्ह काढा आणि फाईल पुन्हा आणा.

सातवी पायरी: ज्यांच्या याद्या पोटात असतात ते प्लेअर

सगळ्याच प्लेअरच्या याद्या अशा उघडून वाचता येत नाहीत. फूबार२००० आपल्या याद्या स्वतःच्या रचनेत ठेवतो. त्याच्यासाठी ‘प्लेलिस्ट रिव्हाइव्ह’ नावाचा जोडभाग मिळतो. तो मेलेल्या नोंदीचं नाव, कलाकार, ॲल्बम पाहून जिवंत फाईल शोधून देतो. मीडियामंकीत हलवलेली किंवा हरवलेली गाणी शोधायची सोय आहे. आयट्यून्समध्ये उद्गारचिन्ह असलेल्या एका गाण्यावर क्लिक करून त्याची नवी जागा दाखवली, की बाकीची हरवलेली गाणी त्यावरून शोधू का असं तो विचारतो. हो म्हणा.

प्लेक्सच्या याद्या त्याच्या डेटाबेसमध्ये असतात, आणि तिथे क्रमाला फार महत्त्व आहे. जुनं फोल्डर काढून नवं घालायचं नाही. आहे त्या लायब्ररीत नवं फोल्डर आधी जोडायचं, स्कॅन पूर्ण होऊ द्यायचं, गाणी नव्या जागेवरून वाजतात हे पाहायचं, आणि मगच जुनं काढायचं. उलट केलंत तर पहिल्या पायरीतली भीती खरी ठरते.

नॅव्हिड्रोमसारखा गाण्यांचा सर्व्हर डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्रामला बंदिस्त पेटीत चालवणाऱ्या सोयीत, चालवत असाल तर तुमचं काम सगळ्यात कमी. डॉकरच्या आत गाण्यांच्या फोल्डरला जो पत्ता दिलेला असतो तो तसाच ठेवायचा, आणि बाहेरून त्याला नव्या डब्याचं फोल्डर जोडायचं. आतल्या प्रोग्रामला डबा बदलल्याचा पत्ताही लागत नाही. त्याचं डेटाचं फोल्डर मात्र जुन्यावरून आठवणीने आणा, याद्या तिथेच आहेत.

शेवटची पायरी: तपासणी

प्रत्येक यादी पहिल्यापासून ऐकत बसायची गरज नाही. प्रत्येकीतलं पहिलं, शेवटचं आणि मधलं एखादं देवनागरी नावाचं गाणं लावून बघा. मग फोनवरून एकदा, टीव्हीवरून एकदा, आणि घरात जे कुणी आपली वेगळी यादी वापरतं त्यांच्या यंत्रावरून एकदा. आई-आजोबांचे सकाळचे अभंग बहुधा तुमच्या यादीत नसतातच, त्यांच्या टॅबवरच्या यादीत असतात, आणि ती दुरुस्त करायचं नेमकं राहून जातं.

सगळीकडे वाजलं की आपोआप स्कॅन आणि प्लेक्सची ती खूण परत चालू करा. सुधारलेल्या याद्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर टाका, त्यांना फारच थोडी जागा लागते. जुना नॅस महिनाभर तरी कपाटात ठेवा, कारण क्वचित ऐकल्या जाणाऱ्या याद्यांच्या तक्रारी उशिरा येतात. त्यानंतर त्याच्या डिस्का पुसून दुसऱ्या कामाला लावायला हरकत नाही.